भरपूर चंदी, तरी दिसणाऱ्या बरगड्या: एका हडकुळ्या घोड्याचे वजन वाढवण्याचे प्रकरण

घोडा वाळला की पहिला हात चंदीच्या पोत्याकडे जातो. दाणा वाढवला की घोडा भरेल, हा समज इतका पक्का असतो की महिनाभर काही फरक दिसला नाही तरी दाणा आणखी वाढवला जातो. या प्रकरणातल्या घोड्याचे नेमके हेच झाले होते. चार महिन्यांत त्याची चंदी दोन किलोंवरून चार किलोंवर गेली आणि त्याच काळात बरगड्या जास्तच दिसू लागल्या. असे का झाले आणि कसे सुधारले, हे आकड्यांसह पुढे दिले आहे.

घोडा आणि तक्रार

वय १३ वर्षे, खच्ची केलेला घोडा, काम हलक्या रपेटीचे. तक्रार वजन घटल्याची. विचारपूस केल्यावर आणखी काही गोष्टी पुढे आल्या: खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकतो, सकाळची चंदी अर्धवट सोडतो, लीद कधी बांधीव तर कधी गाईच्या शेणासारखी पातळ. ठाणात गव्हाणीखाली ओले, चघळून टाकलेले गवताचे गोळे पडलेले असत. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, कारण केरसुणीने ते रोज सकाळी साफ होत.

खुराक असा होता: दिवसाला ५ किलो वाळले गवत (उशिरा कापलेले, जाड काड्यांचे), ३ किलो भरडलेला जव आणि १ किलो गव्हाचा कोंडा. चंदी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा. गवत सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तेही शेजारच्या घोडीबरोबर एकाच लांब गव्हाणीत. मिठाचा दगड होता, दुसरे खनिज काही नव्हते.

आधी मोजमाप

वजनकाटा नसेल तर टेपने चालते, पण रीत नेमकी हवी. छातीचा घेर पुढच्या पायांच्या कोपरामागून, खांद्यांमधल्या उंचवट्याच्या लगेच मागून घ्यायचा, घोड्याने श्वास सोडल्यावर. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणायचे, त्याला लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे. उत्तर किलोत येते.

या घोड्याचा घेर १७२ आणि लांबी १५८ भरली. १७२ × १७२ × १५८ ÷ ११,८८० म्हणजे ३९३ किलो. या पद्धतीत दहा-वीस किलोंची चूक सहज असू शकते. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा त्याच माणसाने, त्याच वेळी, त्याच टेपने घेतलेल्या मापांमधला फरक जास्त भरवशाचा.

दुसरे माप हाताने घ्यायचे. घोड्यांचे अभ्यासक हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ गुणांची देहस्थितीची पट्टी जगभर वापरली जाते. मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, पाठ आणि शेपटाचे मूळ या सहा ठिकाणी दाबून चरबी चाचपायची. नुसते पाहू नका, कारण दाट केस फसवतात. या घोड्याच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या, पाठीचा कणा वर आलेला होता, शेपटाच्या मुळाशी खोबण होती. गुण ३ दिला. गुण ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात. या बांध्याच्या घोड्याला एक गुण चढायला साधारण १६ ते २० किलो लागतात. म्हणून लक्ष्य ठरले ४३० किलो.

गुण १ किंवा २ असता, म्हणजे हाडांचा सापळाच समोर उभा असता, तर पुढची योजना अजिबात चालली नसती. उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम पिष्टमय दाणा दिला की इन्सुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते. खाणे सुरू केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच असा घोडा कोसळू शकतो. तिथे पशुवैद्याच्या देखरेखीखाली, दर चार तासांनी थोडा लसूणघास, असे अगदी हळू जावे लागते.

कागदावर पुरेसे, पोटात अपुरे

आता हिशेब. ४३० किलोंच्या घोड्याला नुसते जगायला दिवसाला सुमारे १४.३ मेगाकॅलरी लागतात (दर किलो वजनाला ०.०३३३; एक मेगाकॅलरी म्हणजे हजार किलोकॅलरी). हलके काम धरले तर २० टक्के जास्त, म्हणजे १७.२. समोर टाकलेला खुराक मात्र असा होता: गवताचे साधारण ८.१, जवाचे ९.९ आणि कोंड्याचे २.९. एकूण २०.९ मेगाकॅलरी. म्हणजे कागदावर घोडा लठ्ठ व्हायला हवा होता!

अशा वेळी 'खातो पण अंगी लागत नाही' असे म्हणून पुढे जाऊ नये. समोर टाकलेले आणि पोटात गेलेले यांतला फरक वजन करून पाहावा. दोन दिवस घोड्याला वेगळे बांधले, गवत तोलून दिले, उरलेले आणि चघळून टाकलेले गोळा करून सुकवून तोलले. ५ किलोंतले जेमतेम ३.५ किलो पोटात जात होते. घोडी शेजारी असताना तेवढेही नसावे, कारण ती कान मागे टाकून पुढे झाली की हा मागे सरायचा.

वाळल्या गवतातल्या शुष्क पदार्थाच्या (पाणी वजा जाता उरणाऱ्या भागाच्या) हिशेबाने ३.५ किलो म्हणजे वजनाच्या ०.८ टक्के. घोड्याला किमान १.५ टक्के चारा लागतो, वजन वाढवायचे तर २ टक्क्यांच्या आसपास. इथे किमान चाऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त इतकाच मिळत होता. बाकीची भूक दाण्याने भरून काढायचा प्रयत्न चालला होता, आणि बिघाड तिथेच होत होता.

घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर ८ ते १५ लिटरचे, म्हणजे देहाच्या मानाने लहान. पिष्ट लहान आतड्यात पचते, चोथा मागच्या अंधनालात आणि मोठ्या आतड्यात जंतू आंबवतात. लहान आतड्याची ताकद मर्यादित आहे. एका खाण्यात दर किलो वजनाला २ ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट गेले की उरलेले न पचता मागे ढकलले जाते. तिथे ते झपाट्याने आंबते, आम्लता वाढते, चोथा पचवणारे जंतू मरतात. म्हणजे दाणा तर वाया जातोच, शिवाय गवतही नीट पचेनासे होते. जवात पिष्ट साधारण ५४ टक्के. दीड किलो जवात ८१० ग्रॅम. ३९३ ने भागले तर दर किलोला २.०६ ग्रॅम, त्यात कोंड्यातले पिष्ट वेगळेच. शिवाय न शिजवलेल्या जवाचे आणि मक्याचे पिष्ट लहान आतड्यात ओटच्या मानाने बरेच कमी पचते. पातळ लिदीचे कारण हे होते. हीच स्थिती आणखी वाढली तर पोटशूळ आणि खुरांचा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पदरांची दुखरी सूज.

जठराचे दुखणे वेगळे. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरते, पण त्याला मारणारी लाळ फक्त चावताना सुटते. एक किलो वाळले गवत खायला घोड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात, एक किलो दाणा सुमारे १० मिनिटांत संपतो. कमी गवत आणि जास्त दाणा म्हणजे लाळ कमी आणि आम्ल भरपूर. व्रणांचा धोका टाळायचा तर एका खाण्यात दर किलो वजनाला १ ग्रॅम आणि दिवसभरात २ ग्रॅम पिष्ट ही मर्यादा पाळावी. इथे दिवसाला ४ ग्रॅमहून जास्त जात होते.

कोंड्याबद्दल थोडे सविस्तर, कारण तो निरुपद्रवी समजला जातो. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस १ टक्क्याहून जास्त आणि कॅल्शियम त्याच्या एक-अष्टमांशच. या घोड्याच्या पोटात जाणारे कॅल्शियम दिवसाला सुमारे १५ ग्रॅम आणि फॉस्फरस ३० ग्रॅम भरले. प्रमाण १:२, म्हणजे पूर्ण उलटे. घोड्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कधीही कमी पडू नये, दीड ते दोन पट असावे. प्रमाण दीर्घकाळ उलटे राहिले की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढते, चेहऱ्याची हाडे फुगतात, चालताना लंगडेपणा येतो. या घोड्यात ती लक्षणे नव्हती. पण कोंडा चालू ठेवून वजन वाढवले असते तर हाडे कमजोर असलेला जड घोडा तयार झाला असता.

तपासणीत काय निघाले

खुराकाला हात लावण्याआधी पशुवैद्याची तपासणी झाली. हा क्रम उलटा करू नये. दुखऱ्या तोंडात उत्तम चारा घातला तरी तो गोळा होऊन बाहेर पडतो.

दाढांपासून सुरुवात. घोड्याचे दात आयुष्यभर वर्षाला २ ते ३ मिलिमीटर वर येत राहतात आणि चावताना झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्यांच्या आतल्या कडा धारदार होतात. गुंगी देऊन, तोंड उघडे ठेवणारी चौकट लावून पाहिले तेव्हा गालाच्या आत दोन्ही बाजूंना जखमा होत्या. खालच्या दोन दाढांमध्ये फट पडून तिथे कुजलेला चारा अडकला होता. धारा घासल्या, फट साफ केली, तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचे ठरले. तोंड न उघडता अंदाज घ्यायचा असेल तर लीद धुऊन पाहा: दोन सेंटिमीटरहून लांब काड्या पुष्कळ दिसल्या तर चावणे बिघडले आहे.

लिदीच्या तपासणीत दर ग्रॅमला ६५० जंताची अंडी. २०० च्या वर गेले की साधारणपणे औषध देतात. औषधाची मात्रा टेपने काढलेल्या वजनावर ठरवली, नजरेच्या अंदाजावर नाही. कमी मात्रेने जंत मरत नाहीत आणि औषधाला दाद न देणारे तेवढे मागे राहतात. मॉक्सिडेक्टिन हे जंतनाशक चरबीत साठते, त्यामुळे अंगावर चरबी नसलेल्या घोड्यात ते पशुवैद्याला विचारल्याशिवाय वापरू नये. इथे आयव्हरमेक्टिन दिले आणि १४ दिवसांनी लीद पुन्हा तपासली, अंडी दिसली नाहीत. ही दुसरी तपासणी बहुतेक जण सोडून देतात. औषध लागू पडले का, हे कळायचा तेवढाच मार्ग आहे.

दुर्बिणीने जठर पाहिले तेव्हा वरच्या, श्लेष्माचे अस्तर नसलेल्या भागात ४ पैकी २ दर्जाचे व्रण होते. ओमेप्रॅझोल हे आम्ल कमी करणारे औषध २८ दिवस, सकाळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी. रक्ताच्या तपासणीत यकृत आणि मूत्रपिंड ठीक. घोडा १५ वर्षांच्या पुढचा असता, केस वेळेवर झडत नसते किंवा पाठीचे स्नायू उतरून पोट लोंबत असते तर पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराची चाचणीही केली असती. त्या विकारात कितीही खाऊ घातले तरी पाठ भरत नाही, आणि पिष्ट तर लॅमिनायटिसला आमंत्रण ठरते.

दाढा, जंत आणि नवा खुराक एकाच दिवशी सुरू केले नाहीत. दाढा पहिल्या दिवशी, जंतनाशक तिसऱ्या दिवशी, खुराकाचा बदल पाचव्या दिवसापासून. मध्येच पोट दुखले तर कशामुळे, हे ओळखता आले पाहिजे. पुढचे सगळे दिवस खुराक बदलल्यापासून मोजले आहेत.

नवा खुराक

रोज ०.४ किलो वजन वाढवायचे ठरले. एक किलो वाढीला सुमारे २० मेगाकॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे रोज ८. जगण्यासाठीच्या १४.३ मध्ये त्या मिळवल्या की २२.३. पहिले तीन आठवडे काम पूर्ण बंद, म्हणून कामाच्या धरल्या नाहीत. पूर्ण खुराक असा ठरला:

- लवकर कापलेले, पानांचे मऊ वाळले गवत ७ किलो: १२.६ मेगाकॅलरी
- वाळला लसूणघास २ किलो: ४.१
- मळी न घातलेला बीट पल्प (साखर काढून घेतलेल्या बीटचा चोथा), कोरडा १ किलो: २.५
- वनस्पती तेल २५० मिलिलिटर: २
- सोयाबीन पेंड २०० ग्रॅम: ०.६
- खनिज-जीवनसत्त्व मिश्रण, डब्यावर लिहिलेल्या पूर्ण मात्रेत

एकूण २१.८. ठरवलेल्या आकड्याच्या पुरेसे जवळ. यात दाणा नाही, आणि मालकाला सर्वांत जास्त शंका याचीच होती. पण नीट पाहिले तर दोन किलो लसूणघास आणि एक किलो बीट पल्प मिळून दोन किलो जवाएवढी ऊर्जा देतात, तीही जवळजवळ पिष्टाशिवाय. लसूणघासातले कॅल्शियम जठरातले आम्लही शमवते. कॅल्शियम आता दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस २२, म्हणजे प्रमाण सरळ झाले. सोयाबीन पेंड लायसीन या प्रथिनघटकासाठी, पाठीचे स्नायू भरायला. पेंड भाजलेली किंवा उष्णता दिलेली असावी, कच्चे सोयाबीन चालत नाही.

तेलाने ऊर्जा मिळते, दुसरे काही मिळत नाही. उलट त्यामुळे ई जीवनसत्त्वाची गरज वाढते: दर मिलिलिटर तेलामागे १ ते १.५ एकक. वाळल्या गवतात ते फारसे उरलेले नसते. म्हणून खनिज मिश्रणातले धरून दिवसाला १,००० एकके भरतील एवढे दिले. तेल खवट वास मारू लागले की फेकायचे.

बीट पल्प कोरडा द्यायचा नाही. घशात फुगून अडकण्याचा धोका असतो, विशेषतः हावरट घोड्यात आणि दाढा दुखणाऱ्यात. एक भाग पल्पला चार भाग गार पाणी, कीस असेल तर किमान दोन तास, गोळ्या असतील तर रात्रभर. उन्हाळ्यात मात्र भिजवलेला पल्प बारा तासांत संपवावा, आंबट वास आला तर टाकून द्यावा.

मीठ रोज २५ ग्रॅम ओल्या खुराकात मिसळले. मिठाचा दगड सगळे घोडे पुरेसा चाटत नाहीत. पाणी कायम समोर. या वजनाचा घोडा गार हवेत, काम नसताना दिवसाला २० ते २५ लिटर पितो. चारा वाळला असेल तेव्हा पाणी कमी पडले तर लीद आतच घट्ट होऊन अडकते.

बदल कसा केला

मोठ्या आतड्यातल्या जंतूंना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला दोन आठवडे द्यावे लागतात. दाणा कमी करणे मात्र पहिल्याच दिवशी सुरू केले, कारण चालू मात्राच धोक्याची होती. दिवस १ ते ३: जव ३ किलोंवरून २.१ किलो, तीन वेळांत ७०० ग्रॅम करून, म्हणजे एका वेळचे जवातले पिष्ट दर किलोला १ ग्रॅमच्या आत आले. कोंडा निम्मा. नव्या गवताचा एक किलो जुन्यात मिसळला. दिवस ४ ते ७: जव १.२ किलो, कोंडा बंद, लसूणघास अर्ध्यावरून एक किलोवर, बीट पल्प कोरडा पाव किलो. दिवस ८ ते ११: जव ६०० ग्रॅम, लसूणघास दीड, पल्प अर्धा, पेंड १०० ग्रॅमपासून. दिवस १२ ला जव थांबला, १६ व्या दिवशी पल्प १ किलो झाला. गवत दर दोन दिवसांनी वाढत सात किलोंवर आले.

तेल आठव्या दिवशी ३० मिलिलिटरने सुरू केले आणि दर तिसऱ्या दिवशी ३० ने वाढवले.

गवत चार वेळा: पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री उशिरा. रात्रीचा वाटा सर्वांत मोठा, अडीच किलो. सलग चार-पाच तासांहून जास्त वेळ गव्हाण रिकामी राहू नये हा नियम. घोडीपासून वेगळे ठाण दिले, मध्ये बघता येईल एवढी उघडी जाळी ठेवून, कारण एकटा पडलेला घोडा बेचैन होऊन ठाणात फेऱ्या मारतो आणि खाणे सोडतो. शेजार बदलण्याचा खर्च काहीच नाही, आणि आमच्या मते या सगळ्या प्रकरणात दाढांखालोखाल फायदा त्याचाच झाला.

वजनाची नोंद

दर पंधरवड्याला सकाळी, पहाटेच्या गवताआधी माप घेतले. लांबी कायम १५८ धरली.

- सुरुवात: घेर १७२, वजन ३९३, गुण ३
- दिवस १४: घेर १७३, वजन ३९८
- दिवस २८: घेर १७४, वजन ४०३
- दिवस ४२: घेर १७४, वजन ४०३
- दिवस ५६: घेर १७६, वजन ४१२, गुण ३.५ ते ४
- दिवस ८४: घेर १७८.५, वजन ४२४, गुण ४.५
- दिवस ११२: घेर १८०.५, वजन ४३३, गुण ५

पहिल्या पंधरवड्यातल्या पाच किलोंवर खूश होऊ नये. चारा दुप्पट झाला की आतड्यात चोथा आणि पाणी जास्त साठते, घेर वाढतो, पण बरगड्यांवर हात फिरवला तर फरक नसतो. खरी चरबी साधारण सहाव्या आठवड्यानंतर हाताला लागते, तीही आधी बरगड्यांवर आणि खांद्यामागे. मान आणि पाठ सर्वांत शेवटी.

जिथे अडले

२४ व्या दिवशी, तेल १८० मिलिलिटरवर असताना, लिदीवर तेलकट चकाकी आली आणि ती सैल झाली. वाढवण्याचा वेग जास्त झाल्याची ही खूण. लहान आतड्याला चरबी पचवण्याची सवय लागायला वेळ लागतो. न पचलेले तेल मागे गेले की चोथ्याचे पचन बिघडते. तेल १२० वर आणले, आठवडाभर तिथेच ठेवले, मग दर चौथ्या दिवशी २० मिलिलिटर. २५० चा टप्पा आठव्या आठवड्यात गाठला. हा घोडा चरबीला नवखा होता. आधीपासून तेल खाणाऱ्याला पहिला वेगही सोसला असता.

४२ व्या दिवशी वजन जागच्या जागी. दाढा, लीद, भूक, सगळे ठीक. उरलेले गवत तोलले तेव्हा कारण सापडले: आठवडाभरापूर्वी गवताची नवी खेप आली होती, जुनीपेक्षा जाड काड्यांची, आणि घोडा रोज दोन किलो बाजूला सारत होता. म्हणजे ३.६ मेगाकॅलरी जात होत्या, रोजच्या ठरवलेल्या वाढीच्या जवळजवळ निम्म्या. तेलही तेव्हा पूर्ण मात्रेवर नव्हते. मऊ खेप मिळेपर्यंत गवत नऊ किलो टाकले आणि घोड्याला निवडू दिले. दोन आठवड्यांत ९ किलो वाढले, त्यातला काही भाग पुन्हा आतड्याच्या भरावाचा. वजन थांबले की आधी गवत तोला. तेल किंवा दाणा वाढवण्याचा विचार त्यानंतर.

काम कधी सुरू केले

खाण्याने चरबी येते. पाठीचे स्नायू कामाशिवाय भरत नाहीत. चौथ्या आठवड्यापासून हाताने धरून २० मिनिटे चालवणे, सहाव्यापासून हलक्या चढावर. खोगीर आठव्या आठवड्यानंतरच, तोपर्यंत कण्यावर थेट दाब आला असता. खोगीर पुन्हा बसवून पाहावे लागते, कारण घोड्याची पाठ आता वेगळी असते. कामाची ऊर्जा २.९ मेगाकॅलरी धरून तेवढ्यासाठी १ किलो ओट दिला, दोन वेळांत अर्धा-अर्धा किलो. पिष्ट एका वेळी दर किलोला ०.५ ग्रॅम, मर्यादेच्या बरेच आत. रपेटीआधी अर्धा तास दोन मुठी लसूणघास, म्हणजे रिकाम्या जठरात आम्ल वर उसळत नाही. तंग आवळताना कान मागे जाणे तोवर थांबले होते.

लक्ष्य गाठल्यानंतर

४३३ किलोंवर खुराक तसाच चालू ठेवला असता तर चार महिन्यांनी उलटी तक्रार आली असती, आणि लठ्ठ घोड्याला लॅमिनायटिसचा धोका हाडकुळ्यापेक्षा मोठा. तीन आठवड्यांत क्रमाने आधी तेल, मग ओट, मग पेंड बंद केली, लसूणघास एक किलोवर आणला. उरले ते ७ किलो गवत, १ किलो लसूणघास, १ किलो बीट पल्प, खनिज मिश्रण आणि मीठ. तेल बंद झाले तरी ई जीवनसत्त्व चालू ठेवले, घोडा अजूनही वाळल्या गवतावरच असल्यामुळे. एकूण ऊर्जा साधारण १७.२ मेगाकॅलरी. सुरुवातीला ज्या २०.९ मेगाकॅलरींवर हाच घोडा वाळत होता, त्यापेक्षा ही कमी आहे.

पुढची देखरेख: दाढा सहा महिन्यांनी, लिदीतली अंडी दहा-बारा आठवड्यांनी, टेप महिन्यातून एकदा. घेर दोन सेंटिमीटरने उतरला की त्याच दिवशी उरलेले गवत तोलायचे आणि लीद धुऊन काड्या पाहायच्या. गवताची प्रत्येक नवी खेप आली की पहिले तीन दिवस हे तोलणे न चुकता.